यासाच्या परीक्षेला घरच्यांची मदत

बुधवारी यासाची नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा होती. म्हणून रविवारी चर्च सुटल्यावर सगळ्यांनी तिच्या घरी जमून प्रार्थना करायची, असं तिच्या थोरल्या नणंदेने, केबेने, फोनवर परस्पर जाहीर करून टाकलं. प्रार्थना म्हटली की माणसं येणार, माणसं आली की जेवणार, आणि जेवणार म्हणजे यासा रांधणार. अभ्यासाला हक्काचा म्हणून राखलेला शनिवार तिने कसाव्याचा पाला कुटण्यात आणि कडू वांगी चिरण्यात घालवला. टोरबोगी, म्हणजे त्या वांग्यांचं सोडा घालून घोटलेलं कालवण, नसेल तर केबेचं प्रार्थनेत मन लागत नाही, हे पश्चिम आफ्रिकेतून अमेरिकेत, ब्रुकलिन पार्कात, येऊन वसलेल्या सगळ्या लोर्मा माणसांना ठाऊक होतं.

यासा पातेल्यात पळी फिरवत पुटपुटत होती, "पोटॅशियम वाढलं की आधी हृदय बघायचं. सोडियम उतरलं की आधी डोकं." टोरबोगीत सोडा मात्र त्या भरात दोनदा पडला.

परीक्षा अशी ठरायची ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला धाकट्या नणंदेच्या, गारमाईच्या, घटस्फोटाचा दिवस नेमका त्याच आठवड्यात आला. तिला कोर्टात एकटीला कसं जाऊ द्यायचं म्हणून घरच्यांनी यासाला तारीख पुढे ढकलायला लावली. दुसऱ्या खेपेला केबे फ्लोरिडाला वृद्धसेवेच्या परिषदेला गेली, आणि ती नसताना घरात मोठं कुणी नको का, असं निघालं. दोन्ही वेळा सगळे "देवाची इच्छा" म्हणाले. या घरात देवाची इच्छा बहुतेक केबेच्या सोयीने चाले.

केबे रजिस्टर्ड नर्स. एका वृद्धाश्रमात साठेक म्हाताऱ्यांवर तिचा अंमल. गारमाईही रजिस्टर्ड, मोठ्या इस्पितळात ऑपरेशनवाल्यांच्या वॉर्डात. यासाची परीक्षा प्रॅक्टिकल नर्सची, म्हणजे या दोघींहून एक पायरी खालची. पण आज ती जिथे उभी होती तिथे पायरीच नव्हती. सासूला, ओल्मा क्रुबोला, अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचं अंघोळपांघोळ, जेवण, गोळ्या, रात्रीची उठबस सगळं यासाकडे होतं. ते सांभाळून तिने वर्षभराचा कोर्स संध्याकाळच्या वर्गात पुरा केला, तेव्हा घरच्यांना कौतुकच वाटलं. कोर्स झाल्यावर परीक्षा असते, परीक्षा झाल्यावर नोकरी लागते, आणि नोकरी लागली की माणूस घराबाहेर जातो, हा हिशोब त्यांच्या ध्यानात जरा उशिराच आला.

रविवारी सगळे आले. अंगणात मार्चचा काळवंडलेला बर्फ होता, त्यातून बूट ओढत केबे आली, मागून तिचा नवरा टार्नू. टार्नू चर्चमध्ये डीकन होता, त्यामुळे प्रार्थनेचा मान त्याचा. गारमाई उशिरा आली आणि आल्याआल्या सोफ्यावर आडवी झाली, कारण तिची रात्रपाळी झाली होती. रात्रपाळी तिच्या फार उपयोगी पडे. यासाचा नवरा अकोई खुर्च्या मांडत होता. दोन बहिणी घरात असल्या की तो नेहमी खुर्च्याच मांडत असे. ओल्मा क्रुबो खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत, डाव्या हातावर शाल घेऊन, बाहेर बघत बसली होती.

टार्नूने डोळे मिटले.

"प्रभू," तो म्हणाला, "तुझी वेळ तीच योग्य वेळ. आमची बहीण यासा हिला शहाणपण दे. घाईने घेतलेल्या निर्णयांपासून तिला लांब ठेव. तुझ्या शास्त्रातली सारा म्हातारी झाली तरी लेकरासाठी थांबली, आणि थांबली म्हणून तिला फळ मिळालं. ज्यांना वाट बघता येते त्यांना तू—"

"आमेन," केबे म्हणाली. तिला भूक लागली होती.

जेवणं झाली. टोरबोगीतला जास्तीचा सोडा कुणाच्या लक्षात आला नाही; केबेने तर दोनदा वाढून घेतलं. मग तिने चष्मा चढवला, यासाचं प्रश्नांचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "चला, आता मदत करू हिला. यकृतातून सुई घालून तुकडा काढला. रोग्याला कुठल्या कुशीवर ठेवशील?"

"उजव्या," यासा म्हणाली.

"डाव्या," गारमाई डोळे न उघडता म्हणाली.

"उजव्या. दाब बसतो, रक्त थांबतं," यासा म्हणाली.

"आमच्याकडे त्याला जसं बरं वाटेल तसं झोपू देतात."

"तुमच्याकडे काय करतात ते विचारलं नाही, गारमाई," केबे म्हणाली. "परीक्षेत काय करतात ते विचारलंय. परीक्षेतलं इस्पितळ वेगळं असतं. तिथे नर्सला एकच रोगी असतो, कपाटात सगळं सामान असतं, आणि डॉक्टर पहिल्या फोनला उचलतो."

"तिथे जागा निघाली तर मला सांग," गारमाई म्हणाली.

केबेने पान उलटलं. "शुश्रूषेतलं बोलणं. हा भाग सोपा आहे, पण लोक इथेच आपटतात. रोगी म्हणतो, आता मी काही यातून उठत नाही. तू काय म्हणशील?"

"तुम्हाला पुन्हा उभं राहता येणार नाही असं वाटतंय. त्याबद्दल मला आणखी सांगा."

"बरोबर. आणि 'काही होत नाही हो' असं कधी म्हणायचं नाही. खोटा धीर द्यायचा नाही. 'का' विचारायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. त्याचंच बोलणं त्याच्यापुढे ठेवायचं." केबेने पुस्तक मिटलं. यासाला वाटलं, आता दुसरा प्रश्न येईल. पण केबेने चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. "यासा, खरं सांगू? तू फार दमलेली दिसतेस गं. डोळे बघ कसे खोल गेलेत. अशा डोक्याने कुणी परीक्षा देतं का? अजून एक महिना घे."

अकोईने एक खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवली.

यासाला रडू येईल असं वाटलं. दोनदा तिने "बरं" म्हटलं होतं, आणि तिसरं "बरं" जिभेवर येऊन बसलंच होतं. पण गेले चार महिने रोज भांडी घासताना तिने ती वाक्यं इतकी घोकली होती, की तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"तुम्हाला माझी काळजी वाटतेय, केबेताई."

"वाटणारच."

"त्याबद्दल मला आणखी सांगा."

केबेने तिच्याकडे रोखून पाहिलं. "हे तू माझ्यावर चालवतेस?"

"तुम्हाला राग आलाय असं दिसतंय."

सोफ्यावर गारमाई हसायला लागली. केबेने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. पण वीस वर्षं तिने शिकाऊ पोरींना हेच वाक्य शिकवलं होतं, आणि त्या वाक्यापुढे माणूस बोलल्याशिवाय राहत नाही हे तिला स्वतःलाच कधी कळलं नव्हतं, कारण तिला ते कुणी ऐकवलं नव्हतं.

"रागाचा प्रश्न नाही," ती म्हणाली. "पण विचार कर ना. तू पास झालीस. लागलीस कामाला. मग आईचं काय? बाहेरची बाई ठेवायची? मी रोज बघते ना त्या बायका. कानात फोन, हातात चमचा. आपल्या आईला मी त्यांच्या हाती नाही देणार."

"म्हणजे ओल्माचं सगळं घरच्याच माणसाने करावं, असं तुम्हाला वाटतं," यासा म्हणाली.

"अर्थात."

"घरचं माणूस म्हणजे कोण, ते सांगा ना."

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. केबेची नजर सोफ्याकडे गेली. मग म्हणाली, "गारमाईचं घर आता रिकामंच आहे. तीन खोल्या, एकटी बाई."

गारमाई ताडकन उठून बसली. इतका वेळ ती थोरलीच्या बाजूने झोपली होती. "माझं घर? अगं, माझ्याकडे जिना आहे. आईला जिना चढवणार कोण? यासा, तू दे गं परीक्षा. बुधवारीच दे. केबेकडे खाली मोठी खोली आहे, बाथरूमला दांडे आहेत, टार्नू दिवसभर घरीच असतो."

"मी दिवसभर चर्चचं काम करतो," टार्नू म्हणाला.

"घरूनच करता ना."

"ती खोली प्रार्थनागटाची आहे."

"मग तर उत्तमच. आई मध्ये बसेल, तुम्ही भोवती करा."

अशी गाडी रुळावरून घसरली. केबे म्हणाली, आईला झटका आला त्या रात्री गारमाईने फोन उचलला नाही. गारमाई म्हणाली, केबे आईला भेटायला येते तेव्हा कोटही काढत नाही, येतानाच जाण्याच्या बेतात असते. टार्नू म्हणाला, आपण प्रार्थनेला जमलोय. अकोई म्हणाला, "मी काय म्हणतो—" आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो म्हणाला, "नाही, चालू द्या." गोदामात ऐंशी पोत्यांचा ढीग मशीनने उचलणारा हा माणूस, बहिणींपुढे मूग गिळून बसायचा. यासाने ते लग्नाच्या दिवशीच पाहिलं होतं. तेव्हा तिला ती सभ्यता वाटली होती.

"मला ती पास व्हायला नकोय," खिडकीकडून आवाज आला.

झटक्यानंतर ओल्मा क्रुबोची जीभ जड झाली होती. पण बोलायचं असलं की ती प्रत्येक शब्द वेगळा धुऊन वाळत घालावा तसा सावकाश, स्पष्ट बोले.

"आई, असं नको म्हणू," केबे म्हणाली.

"तू इतका वेळ काय म्हणतेस? मी तेच म्हणतेय, फक्त जेवण्याआधी डोळे मिटून म्हटलं नाही. ही पास झाली की जाणार. मग मला धुणार कोण? तुम्ही दोघी मला हात लावता तेव्हा हातमोजे घालता. मी काय मासळी आहे? मला नकोय ती जायला. हे माझं मत. लिहून घ्यायचं तर घ्या."

यासाला म्हातारीचा राग यायला हवा होता. पण आज दिवसभरात कुणीतरी पहिल्यांदाच तिच्याशी खरं बोललं होतं, आणि त्याचं तिला जवळजवळ बरं वाटलं. ती उठून खुर्चीपाशी गेली आणि म्हातारीच्या समोर गुडघ्यावर बसली. घोकलेलं एकही वाक्य तिला आठवलं नाही.

"ओल्मा, मी बुधवारी जाणार आहे," ती म्हणाली. "तुम्हाला विचारत नाहीये. सांगतेय."

म्हातारीने तिच्याकडे खूप वेळ बघितलं. झटक्याने तिचा एक डोळा अर्धा मिटलेला राही, त्यामुळे ती चिडलीय की विचार करतेय ते कळायला नेहमीच वेळ लागे.

"बरं," ती अखेर म्हणाली. "तोंडावर सांगितलंस. हे बाकीचे देवाकरवी निरोप धाडतात." मग तिने मान वळवली. "बुधवारी सकाळी मला अंघोळ कोण घालणार?"

गारमाईची खरोखरच दिवसपाळी होती, आणि तिने फोनवरचं वेळापत्रक सगळ्यांना फिरवून दाखवलं. अकोई मुलगा, आईला अंघोळ घालायचा विषय मुलापुढे काढणंही लोर्मा घरात शोभत नाही. टार्नू भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

"माझी बुधवारी मीटिंग आहे," केबे म्हणाली.

"असू दे," ओल्मा म्हणाली. "मी तशीच बसेन. दुपारी चर्चच्या महिला मंडळाच्या बायका येणार आहेत मला भेटायला. त्यांना वास आला तर सांगेन, माझ्या केबेची मीटिंग होती."

महिला मंडळाची अध्यक्ष लोर्पू म्हणून एक बाई होती. ती खुर्ची गेल्या निवडणुकीत केबेच्या हातून थोडक्यात निसटली होती. केबेने पर्समधून फोन काढला आणि कुणाला तरी कळवलं, की बुधवारची मीटिंग तिच्याशिवाय उरका.

बुधवारी यासा ब्लूमिंग्टनला पोचली तेव्हा परीक्षाकेंद्राच्या दारात बायका पर्सेस, घड्याळं, च्युइंगम सगळं कपाटात कोंबत होत्या. एका मुलाने तिचा तळहात यंत्राखाली धरायला लावला, बाह्या वर करून बघितल्या, चष्म्याच्या काड्या तपासल्या. इतकी झडती तर युद्धातून पळताना गिनीच्या हद्दीवर सैनिकांनीही घेतली नव्हती, असं तिला वाटलं. आत थंडगार खोलीत प्रत्येकापुढे एकेक पडदा.

प्रश्न सुरू झाले. कुणाची साखर उतरली होती, कुणाच्या नळीतून दूध चाललं होतं आणि डोकं उशीवर सपाट होतं, कुणी बाई बाळाला दूध पाजायला नको म्हणत होती. पहिले काही प्रश्न तिने दोन-दोनदा वाचले. मग हळूहळू तिला ते इस्पितळ आवडायला लागलं. इथे एका वेळी एकच माणूस तिला हाक मारत होता, आणि तिने काय केलं की बरं होईल, एवढंच विचारत होता. मध्येच तिला अंघोळीचं पाणी फार गरम तर नसेल ना, असं वाटून गेलं. तिने ते डोक्यातून काढून टाकलं आणि पुढचा प्रश्न वाचला. असं तिने याआधी कधी केलं होतं ते तिला आठवेना.

अचानक पडदा कोरा झाला. परीक्षा संपली, एवढंच त्यावर होतं. अजून बरेच प्रश्न यायचे असतील असं तिला वाटत होतं. या परीक्षेतला कॉम्प्युटर आपली खात्री पटली की थांबतो. खात्री कशाची पटली ते मात्र सांगत नाही. बाहेर एक सोमाली मुलगी भिंतीला टेकून रडत होती, तिचाही लवकर थांबला होता. यासाने तिला कागदी रुमाल दिला. काही होत नाही, असं तिला म्हणावंसं वाटलं, पण म्हणाली नाही.

घरी येताना सबंध रस्ता ती बर्फ वितळायला मीठ उडवत चाललेल्या ट्रकच्या मागे होती. काय विचारतील आणि काय सांगायचं ते तिने ठरवून ठेवलं. दार उघडलं, तेव्हा तिला आधी आरडाओरडा ऐकू आला.

बाथरूमच्या दारातून पाणी थेट बैठकीपर्यंत आलं होतं. केबेचा विग टॉवेलच्या खुंटीवर ठिबकत होता. केबे स्वतः, आखूड पांढऱ्या केसांनी, भिजलेल्या ब्लाउजने, कमोडच्या झाकणावर बसली होती. तिच्या हातात हातमोजे नव्हते. समोर ओल्मा अकोईचा चौकड्यांचा शर्ट घालून, अंगाला तेलाचा वास, चाकाच्या खुर्चीत ताठ.

"लाल होते," केबे म्हणत होती. "लाल, पट्ट्याचे. मिशनच्या बाईने मला दिले होते. नऊ वर्षांची होते मी. शाळेतून आले तर बूट नाहीत. तू ते वोइन्जामाच्या बाजारात विकलेस."

"तपकिरी होते."

"आई, माझे बूट होते ते."

"तपकिरी. आणि तुझ्या पायाला लहान झाले होते, तू टाच दुमडून चालायचीस."

"म्हणून विकायचे?"

"विकले असं कोण म्हणतं?"

"मग गेले कुठे?"

यासा दारात उभी राहिली. पन्नास वर्षांपूर्वीचं ते भांडण त्या दोघींनी नुकत्याच सोडलेल्या गाठोड्यासारखं मध्ये पसरलं होतं. परीक्षा कशी झाली, हे दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही. तिने पोछा आणला, पाणी टिपलं, स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्याच थंड भात खाल्ला. दुपारी महिला मंडळ आलं तेव्हाही आतून आवाज येतच होते, आणि लोर्पूबाई बैठकीत बसून कान देऊन ऐकत होती. नंतर ती चर्चमध्ये म्हणाली, केबेला आईचं फार आहे.

शुक्रवारी निकाल लागला. लायसन्सच्या यादीत यासाचं नाव आलं होतं. तिने तीनदा पान बंद करून उघडलं, मग अकोईला दाखवलं. अकोईने ते वाचलं, बाहेर जाऊन गाडीत बसला, आणि बराच वेळ आत आला नाही. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि तो म्हणाला, "तारीख ढकल म्हणाले तेव्हा मी बोलायला हवं होतं. दोन्ही वेळा."

"हो," यासा म्हणाली.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे गेली. टार्नूने चर्चच्या गटात लिहिलं, की प्रार्थनेचं सामर्थ्य पुन्हा सिद्ध झालं. केबेने आपल्या वृद्धाश्रमात सांगितलं, की भावजयीला तिनेच तयार केलं. गारमाईने यासाला फोन करून बजावलं, की यकृताचा प्रश्न आला असेल तर त्याचं श्रेय विसरू नकोस. केबेने लगोलग पुढच्या रविवारी आभाराच्या प्रार्थनेसाठी सगळ्यांना यासाकडे बोलावून टाकलं. यासाने फोनवर सांगितलं, की रविवारी तिची नोकरीची तयारी आहे, प्रार्थना टार्नूंच्या खालच्या खोलीत करावी, आणि टोरबोगीत सोडा बेताने घालावा.

नोकरी लागली ती शहराच्या पलीकडच्या एका वृद्धाश्रमात, सकाळच्या पाळीची. पहिल्या दिवशी केबे अंधारातच आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिने कोट काढून खुंटीला लावला, विग पर्समध्ये ठेवला, बाह्या सारल्या आणि म्हातारीच्या पायाशी बसून तिचे मोजे चढवू लागली.

यासाचा पाय दारातून निघेना. गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर आहे, ती म्हणाली. डावा खांदा जपून. दूध कोमट. थोडं थांबू का, पहिलाच दिवस आहे.

"जा गं बाई," ओल्मा क्रुबो म्हणाली. "आणि दार लावून घे, गारठा आत येतोय." मग तिने आपला चालता डोळा लेकीकडे वळवला. "हं. कुठे होतो आपण? तुला कोणी सांगितलं, बूट मी विकले म्हणून?"